जिन्यावरचं कार्पेट काढून लाकडी पायऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतलं आमचं घर १९९६ सालचं. घेतलं तेव्हा जिन्यावर वरपासून खालपर्यंत बदामी कार्पेट होतं, म्हणजे मूळचं बदामी. मधल्या पट्ट्याला तोवर चहाचा रंग आला होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते उपटून आम्ही उभ्या फळ्या पांढऱ्या रंगवल्या आणि पाय ठेवायच्या फळ्यांना स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, आणि पॉलिश केलं. तेव्हापासून घरी जेवायला येणारी मंडळी चपला काढता काढता जिन्याकडे बघतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझा अनुभव अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांचा आहे. इंग्लंडमधल्या मंडळींसाठी शेवटाकडे एक प्रश्न वेगळा ठेवला आहे.

कार्पेटखाली काय दडलंय ते आधी कसं कळणार?

सगळं काम या एका गोष्टीवर ठरतं, आणि बहुतेक लोक नेमकी हीच गोष्ट सोडून रंगाच्या दुकानात जातात.

जिन्याखाली कपाट किंवा बेसमेंटची वाट असेल तर टॉर्च घेऊन आत शिरा आणि पायऱ्यांची खालची बाजू बघा. सलग रेषा आणि अधूनमधून गाठी दिसल्या तर अखंड पाइन आहे. लाकडाचे चपटे तुकडे एकमेकांवर दाबून चिकटवल्यासारखं दिसलं तर ते ओएसबी. कडेला थर मोजता आले तर प्लायवूड. खालून बंद असेल तर सर्वांत वरच्या पायरीच्या कोपऱ्यात पकडीने कार्पेट धरून हलकेच ओढा. दोन-तीन इंच उचललं तरी पुरतं, आणि काम करायचं नाही असं ठरलं तर परत दाबून बसवता येतं.

इथे एक फसगत ठरलेली आहे. कठड्याच्या बाजूला पायरीची कड छान ओकची दिसते आणि मध्ये कार्पेट असतं. आपण धरून चालतो की खाली अख्खी पायरी ओकची असणार. पुष्कळ घरांत ओकचा तुकडा फक्त टोकाला बसवलेला असतो आणि कार्पेटखालचा भाग साधा प्लाय निघतो. म्हणून बघायचं ते मधल्या भागात.

पाइन निघालं तर ठीक. पण ओएसबी किंवा प्लायवूड निघालं तर?

ओएसबी रंगवून पायरी म्हणून वापरायच्या भानगडीत पडू नका. कितीही लांबी (पुट्टी) भरली तरी तुकड्यांची नक्षी रंगातून वर येते, आणि पायरीची पुढची कड बुटाच्या ठोकरांनी तुटत जाते. चांगल्या प्रतीचं प्लायवूड उभ्या फळ्यांना चालतं, तिथे पाय पडत नाही. आडव्या फळ्या मात्र बदलाव्या लागतात. ओकच्या तयार फळ्या बांधकाम सामानाच्या मोठ्या दुकानांत मिळतात, साधारण एक इंच जाड, पुढची कड गोल केलेली. आणल्या आणल्या ठोकू नका. आठवडाभर घरात आडव्या ठेवा, म्हणजे लाकूड घरातल्या हवेला सरावतं आणि नंतर कमी आकसतं.

जुन्या पायरीवरच नवी फळी चिकटवली तर? कंत्राटदार म्हणतो, दोन दिवसांत काम होईल.

काम दोन दिवसांत होईल, पण आधी इंचपट्टी काढा.

समजा तुमच्या जिन्याच्या सगळ्या उभ्या फळ्या साडेसात इंच उंच आहेत. प्रत्येक पायरीवर पाऊण इंचाची नवी फळी बसवली. मधल्या पायऱ्यांची उंची साडेसातच राहते, कारण वरची आणि खालची दोन्ही पायऱ्या सारख्याच वर आल्या. पण तळाची जमीन वर आलेली नाही, म्हणून पहिली पायरी सव्वाआठ इंचांची होते. माडीवरची जमीनही जागेवरच आहे, म्हणून शेवटची चढण पावणेसात इंचांवर येते. एकाच जिन्यात दीड इंचाचा फरक पडतो. अमेरिकेतली बहुतेक राज्यं आपापले फेरफार करून जो आयआरसी कोड, म्हणजे घरबांधणीची नियमावली, वापरतात, त्यात एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या चढणीत ३/८ इंचापेक्षा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. चढणीची कमाल उंची ७.७५ इंच दिली आहे. पहिली पायरी दोन्ही नियमांत नापास होते.

नियम आहे म्हणून तो पाळावा, एवढंच नाही. जिना चढताना आपण पायरीकडे बघत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवर पाय माप घेतो आणि पुढे त्याच मापाने चालत राहतो. माझ्या एका मैत्रिणीकडे असं चिकटकाम झालं. वरच्या पायरीला तिचे सासरे तीनदा अडखळले आणि तिन्ही वेळा त्यांनी स्वतःच्या चष्म्याला दोष दिला. मी इंचपट्टी लावली तेव्हा दोष कुणाचा ते कळलं.

हा मार्ग योग्य ठरतो तो खालच्या आणि वरच्या दोन्ही मजल्यांवर तेवढ्याच जाडीचं नवं लाकूड पडणार असेल तेव्हा. नाहीतर जुनी फळी काढून त्याच जाडीची नवी बसवायची. आणखी एक हिशेब विसरला जातो. पायऱ्या वर आल्या की कठड्याचा दांडा तेवढाच बुटका होतो. दांड्याची उंची पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर मोजून ३४ ते ३८ इंचांत हवी. तुमचा आधीच ३४ वर असेल तर तोही बदलण्याचा खर्च धरा.

कार्पेट आपलं आपण काढता येतं का?

येतं. सबंध कामात डोकं सर्वांत कमी आणि पाठ सर्वांत जास्त लागते ती इथे. जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, तोंडाला एन-९५ आणि गुडघ्यांना पॅड, एवढं आधी चढवा. पंचवीस वर्षांच्या कार्पेटखाली जी धूळ असते ती पाहिल्यावर आपण इतकी वर्षं यावर मुलांना कसं रांगू दिलं, असं वाटतं.

वरून सुरुवात करा. धारदार पात्याने दर पायरीला कार्पेट आडवं कापत या, म्हणजे हातात मावणारे तुकडे निघतात. अखंड गुंडाळी करायला गेलात तर चौथ्या पायरीवर ती तुम्हाला ओढत खाली नेईल. कार्पेटखालचा फोम निघाला की पायरीच्या मागच्या बाजूला खिळ्यांची पट्टी दिसेल. पातळ लाकडी पट्टीवर वर टोकं केलेले बारीक खिळे असतात. तिच्याखाली चपटी कटावणी सारा आणि हलक्या हाताने उचला. कटावणीखाली लाकडाचा पातळ तुकडा ठेवला तर पायरीवर वळ उठत नाहीत. निघालेली पट्टी लगेच बादलीत टाका, जिन्यात ठेवू नका. माझ्या नवऱ्याने एक ठेवली आणि स्लिपरमधून ती त्यालाच सापडली.

मग येतात स्टेपल. पहिल्या पायरीतून मी ७४ मोजून काढले आणि मग मोजणं सोडलं. अणकुचीदार पक्कड घ्या, खाली वाका, एक एक उपसा. अर्धा तुटला तर तो लाकडात ठोकून बसवू नका. नंतर सँडपेपर त्यावर फाटतो आणि पाय त्यावर सोलतो. संध्याकाळी सगळ्या पायऱ्यांवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा. जिथे अडकेल तिथे स्टेपल आहे.

घर जुनं आहे. रंग खरवडायला भीती वाटते.

वाटायलाच हवी. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. घर त्याआधीचं असेल आणि कार्पेटखाली जुना रंग निघाला, तर तपासणी होईपर्यंत त्याला सँडपेपर लावू नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, आणि जिना तर घराच्या मधोमध असतो. शिसं निघालं तर या कामाचं प्रमाणपत्र असलेला माणूस बोलवा. फार जुन्या घरांत कार्पेटखाली टाइल आणि काळा डिंक निघाला तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथेही हात आवरायचा आणि नमुना तपासून घ्यायचा.

पायऱ्या करकरतात. कार्पेट काढल्यावर आवाज वाढेल का?

वाढेल, म्हणून रंगाआधी त्याचा बंदोबस्त करा. फळी आणि खालची तिरकी स्ट्रिंगर, म्हणजे पायऱ्या पेलणारी तुळई, यांच्यात फट पडलेली असते. पाय पडला की फळी खिळ्यावर वरखाली घासते आणि तोच आवाज ऐकू येतो. एकाने जिन्यावर सावकाश चढावं, दुसऱ्याने खडूने खुणा कराव्यात. खालून वाट असेल तर फळी आणि उभ्या फळीच्या कोपऱ्यात लाकडाचे त्रिकोणी ठोकळे डिंक लावून स्क्रूने बसवा. वरूनच करायचं असेल तर फळीतून स्ट्रिंगरमध्ये स्क्रू घाला, डोकं लाकडात थोडं बुडवा आणि वर लांबी भरा. खिळा ठोकू नका, काही महिन्यांत तो परत ढिला होतो.

लांबी आणि सँडपेपरचं काम किती?

सगळ्यात जास्त. रंगाला आमच्याकडे दोन शनिवार-रविवार लागले, त्याआधीच्या तयारीला पाच.

आधी ८० नंबरचा कागद मशीनवर, मग १२०, शेवटी १५०. कोपऱ्यांत मशीन जात नाही, तिथे हातानेच घासायचं. प्रत्येक टप्प्यानंतर व्हॅक्यूम, मग ओलसर फडकं. रंगवायच्या फळीत भोकं, भेगा आणि जुने घाव लांबीने बिनधास्त भरा. खोल खड्ड्यांना दोन भाग मिसळून कडक होणारं फिलर चांगलं, ते सुकल्यावर खचत नाही. पायरी आणि भिंतीकडची पट्टी यांच्यामधली फट रंग घेणाऱ्या कॉकने, म्हणजे फटी बुजवायच्या लवचीक लगद्याने, भरा. ही फट हिवाळ्यात, हीटर चालू असताना, सर्वांत रुंद असते. त्या दिवसांत भरली तर उन्हाळ्यात लाकूड फुगल्यावरही कॉक जागा धरून राहतो.

स्टेन करायच्या फळीची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी आपटले. स्टेपलची भोकं आधी लांबीने भरली, घासून गुळगुळीत केली, स्टेन मारला. लांबी स्टेन पीत नाही, निदान लाकडासारखा तरी नाही. पायरीला कांजिण्या आल्यासारखे ठिपके उठले. दोन पायऱ्या परत घासल्या. मग क्रम उलटा केला. आधी स्टेन, त्यावर पॉलिशचा एक हात, आणि मग स्टेनच्या रंगाशी जुळणारी तयार रंगीत लांबी बोटाने भोकांत भरून पुसून टाकली. त्यावर उरलेले हात. आज ती भोकं कुठे होती ते मलाही शोधावं लागतं.

पायऱ्यांना रंग द्यावा की पॉलिश?

माझं मत सरळ आहे. उभ्या फळ्यांना रंग, आडव्यांना स्टेन आणि पॉलिश. पाय आडव्या फळीवर पडतो, आणि रंग तिथे आधी पुढच्या गोल कडेवरून उडतो. पांढऱ्या रंगाखालून पिवळं लाकूड डोकावलं की दुरूनही दिसतं. पॉलिश झिजलं तर निदान खाली त्याच जातीचा रंग असतो.

आडवी फळीही रंगवायचीच असेल, कारण लाकूड फार खराब आहे किंवा खिशाला तेवढंच परवडतं, तर जमिनीसाठी बनवलेला पोर्च-फ्लोअर रंगच घ्या आणि मध्यम करडा किंवा तपकिरी निवडा. काळसर पायरीवर धुळीचा प्रत्येक कण दिसतो. बूट दारात काढायची आपली सवय इथे उपयोगी पडते. अमेरिकन शेजाऱ्यांच्या पांढऱ्या उभ्या फळ्यांवर बुटांच्या टोकांचे काळे फराटे असतात, आमच्याकडे जवळजवळ नाहीत.

पाइनला स्टेन देणार असाल तर एवढं ध्यानात घ्या की पाइन स्टेन एकसारखा पीत नाही, ढगाळ डाग पडतात. आधी लाकडासाठीच्या कंडिशनरचा हात द्या किंवा जेलसारखा घट्ट स्टेन वापरा. आधी कुठे तरी करून बघा. जुनी फळी काढली असेल तर तिची पाठ यासाठी उत्तम. ओकला हा त्रास फारसा नाही, पण रेड ओकच्या उघड्या शिरांत स्टेन गडद बसतो आणि नक्षी उठून दिसते. काहींना ती आवडते, काहींना नको असते. तेव्हा दुकानातल्या नमुन्याच्या चकतीवर विसंबू नका.

उभ्या फळ्यांना कोणता रंग, किती हात?

प्रायमर एक हात, रंग दोन हात. पाइनच्या गाठींतून राळ झिरपते आणि पांढऱ्या रंगावर वर्षभरात पिवळा डाग उमटतो. साधा प्रायमर ती अडवत नाही. लाखेचा प्रायमर, इथे झिन्सर बिन नावाने मिळतो तसा, गाठींवर हवाच. आधीच्या मालकाच्या कुत्र्याने जिन्यावर उद्योग केले असतील तर तो वासही यातच कोंडला जातो. पाऊण तासात सुकतो, पण वास उग्र असतो, खिडक्या उघड्या ठेवा.

वरचा रंग एनॅमलच घ्या, भिंतीचा नको. भिंतीचा रंग मऊ राहतो आणि पुसताना निघतो. आम्ही पाण्यात मिसळणारा अल्किड एनॅमल वापरला. तो सावकाश पसरतो, त्यामुळे ब्रशच्या रेघा स्वतःच बुजतात. पण दोन हातांमध्ये १६ तास थांबावं लागतं. उन्हाळ्यात दमट हवेत आणखी जास्त. घाई केलीत तर वरचा थर खालच्याला ओढतो आणि सुरकुत्या पडतात.

पॉलिश तेलाचं की पाण्याचं?

इथे पॉलिश म्हणजे पॉलियुरेथेन. तेलाचं ओकला मधासारखी पिवळी झाक देतं, वर्षांगणिक ती वाढत जाते. पाण्याचं जवळजवळ पारदर्शक राहतं, दोन-चार तासांत पुढचा हात देता येतो आणि वास सौम्य असतो. तेलाच्या दोन हातांमध्ये बहुतेक डब्यांवर एक दिवस थांबायला सांगतात. बेडरूम वर आणि मुलं घरात असतील तर मी पाण्याचंच घेईन, आणि त्यातलं जमिनीसाठी बनवलेलं, कपाटासाठीचं नव्हे. तीन हात, मध्ये २२० नंबरचा कागद हलकेच फिरवून.

तेलाचं वापरणार असाल तर दोन गोष्टी जीव लावून पाळा. एक, काम चालू असताना आणि वास जाईपर्यंत घरात ज्योत नको. वाफ पेट घेते. देवघरातला दिवा आणि उदबत्ती तेवढे दिवस बंद, सासूबाईंना आधी सांगून ठेवा. गॅसच्या वॉटर हीटरची ज्योतही यात आली. दोन, तेलाच्या स्टेनने भिजलेली फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका. आपल्याकडे वाड्यांतल्या सागवानी खांबांना जे अळशीचं तेल लावतात, तसलीच सुकणारी तेलं यात असतात. सुकताना ती हवेतला ऑक्सिजन घेतात आणि तापतात. बोळा केलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता आग लागते. फडकी बाहेर जमिनीवर पसरून पूर्ण वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

काम चालू असताना वर झोपायला कसं जायचं?

एकाआड एक पायऱ्या. आज विषम, त्या कडक झाल्या की सम. पाय उंच टाकावा लागतो, पण तरण्या माणसाला जमतं. ओल्या पायरीच्या शेजारी भिंतीवर निळी चिकटपट्टी लावा. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उतरणाऱ्याला विषम-सम आठवत नाही. आमच्या सातव्या पायरीवर पॉलिशखाली मुलाच्या टाचेचा ठसा आहे. तो तसाच ठेवलाय.

घरात वयस्क माणूस किंवा लहान मूल असेल तर हा एकाआड एकचा खेळ नको. चार दिवस खालच्या मजल्यावर गाद्या टाका. वर चालता येतं म्हणजे पॉलिश पिकलं असंही नाही. मोजे घालून दुसऱ्या दिवशी चालता येईल, पण पाण्याच्या पॉलिशला पूर्ण कडक व्हायला आठवडा ते तीन आठवडे लागतात, तेलाच्या पॉलिशला महिनाभर. तोवर त्यावर गालिचा अंथरू नका आणि बॅगा ओढत नेऊ नका.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. लाकडावरून घसरणार तर नाहीत?

कार्पेटपेक्षा लाकूड निसरडं आहे आणि पडल्यावर कठीणही. हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. थंडीत पायात लोकरीचे मोजे आणि खाली चकचकीत पॉलिश, हे जोडपं सर्वांत धोक्याचं. त्यात रात्री तळपायांना तेल चोळून झोपायची ज्यांची सवय आहे त्यांनी पहाटे उठून खाली येणं, ही कल्पनाच मला नको वाटते.

उपाय आहेत. पॉलिश चकचकीत नको, मंद घ्या. तेवढ्याने पकड फारशी वाढत नाही, पण चमकेमुळे पायरीची कड दिसेनाशी होत नाही. शेवटच्या हातात मिसळायची घसरणरोधक बारीक भुकटी मिळते. आम्ही ती घातली. अनवाणी पायाला किंचित खरखरीत लागते, आणि लागावीच. पारदर्शक खरखरीत पट्ट्या मिळतात, त्या पुढच्या कडेजवळ लावतात. दिसायला बऱ्या नाहीत पण काम करतात. घरात रबरी तळाच्या सपाता ठेवा आणि जिन्याच्या वर व खाली दोन्हीकडे दिव्याचं बटण आहे ना ते बघा.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे मधोमध रनर, म्हणजे कार्पेटचा अरुंद पट्टा. दोन्ही बाजूंना तीन-चार इंच लाकूड दिसतं, पाय कार्पेटवर पडतो. "मग काढलं कशाला?" असं नवऱ्याने विचारलं होतं. कारण पट्टा मळला की एका दुपारी बदलता येतो आणि दोन्ही कडांना साचणारी धूळ पुसता येते. सुट्या पायरीएवढ्या चटया नुसत्या अंथरून ठेवू नका. त्या पायाखालून पायाआधी निघतात.

पायरीची कड ओळखू येणं हे वयस्क डोळ्यांना फार मोलाचं असतं. बदामी कार्पेटमध्ये सगळ्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जायच्या. गडद पायरी आणि पांढरी उभी फळी असली की वर चढताना प्रत्येक पायरी वेगळी दिसते. खाली उतरताना मात्र पांढरं दिसतच नाही, सगळं एकरंगी लाकूड दिसतं. तेव्हा दांडा दोन्ही बाजूंना बसवता आला तर जरूर बसवा. कोड एका बाजूला मागतो, गुडघे दोन्ही बाजूंना मागतात.

टाउनहाउस आहे. शेजाऱ्यांना आवाज जाईल?

तुमच्या घरात आवाज नक्की वाढेल, मुलं उतरताना ढोल वाजल्यासारखा. सामाईक भिंतीला जिना लागून असेल तर पलीकडेही जाईल. काही एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटना, कठीण जमिनींबद्दल नियम करतात. कार्पेट उपटण्याआधी नियमावली वाचा.

परवाना लागतो का?

नुसतं कार्पेट काढून रंग-पॉलिश करायला साधारणपणे नाही. स्ट्रिंगरला हात लावला, जिन्याची रचना बदलली किंवा कठडा नवा केला, तर टाउनशिपच्या बांधकाम कार्यालयात फोन करून विचारा.

कठड्याचं काय करायचं?

गज लाकडाचे आणि घट्ट असतील तर फक्त रंगवा. कार्पेट त्यांच्या बुडाशी गुंडाळलेलं असतं, तिथे कापताना गजावर पात्याच्या रेघा ओढू नका. दर गजामागे वीस मिनिटं धरा, जास्तही लागतात. आमचे ३१ गज होते. दांड्याला रंग देऊ नका, पॉलिशच करा. सतत हात लागणाऱ्या जागी पांढरा रंग महिन्याभरात कळकट होतो. आणि दांडा हलत असेल तर ते आधी दुरुस्त करा.

खर्च किती येतो?

खाली पाइन निघालं आणि हात आपलेच असतील तर रंग, पॉलिश, कागद आणि हत्यारं मिळून काही शे डॉलरांत भागतं. आमचे साडेतीनशेच्या आसपास गेले, सँडर मित्राचा होता. ओकच्या नव्या फळ्या आणि सुतार म्हटलं की आकडा हजारांत जातो. आम्ही सुरुवातीला तीन कोटेशनं घेतली होती. सर्वांत महाग सर्वांत स्वस्ताच्या जवळजवळ तिप्पट होतं, आणि नीट वाचल्यावर कळलं की तिघे तीन वेगळी कामं सांगत होते. एक वरून फळी चिकटवणार, दुसरा जुनी काढून नवी बसवणार, तिसऱ्याने कठडाही धरलेला. कार्पेट उचलून नेणं कुणीच धरलं नव्हतं. म्हणून कोटेशन मागताना फळी काढणार की झाकणार, पहिल्या आणि शेवटच्या पायरीची उंची काम झाल्यावर किती राहील, आणि कचरा कोण नेणार, हे लेखी घ्या. दुसऱ्या प्रश्नाला जो गडबडला त्याला काम देऊ नका.

आम्ही इंग्लंडमध्ये आहोत, व्हिक्टोरियन टेरेस घर आहे.

तुमच्याकडे कार्पेटखाली बहुधा पाइनच असेल, आणि दोन्ही कडांना जुन्या गडद रंगाचे पट्टे असतील. त्या काळी कार्पेट अरुंद असायचं आणि उघड्या राहणाऱ्या कडाच तेवढ्या रंगवायचे. त्या रंगात शिसं असण्याची शक्यता भरपूर, तेव्हा तपासल्याशिवाय कोरडं घासू नका. मापंही वेगळी आहेत. घरगुती जिन्याला तिकडच्या नियमांत चढण जास्तीत जास्त २२० मिलिमीटर आणि पायरीची खोली कमीत कमी २२० मिलिमीटर. जुनी घरं या नियमांच्या आधीची असल्याने जिने उभे आणि अरुंद असतात. अशा जिन्यावर मी मधला पट्टा ठेवेनच.

रोजची निगा आणि पुन्हा रंग?

केरसुणी किंवा व्हॅक्यूम, मग घट्ट पिळलेलं ओलसर फडकं. वाफेचा मॉप लाकडावर नको, वाफ सांध्यांत शिरते आणि पॉलिश उचलतं. दिवाळीत पायऱ्यांवर पणत्या ठेवल्यात तर खाली बशी ठेवा. तेलाचा गोल डाग पॉलिशवरून निघतो, झिजलेल्या जागी लाकडात उतरला तर नाही.

दोन वर्षांत आमच्या पॉलिशला एकाच जागी धक्का लागलाय, खालून तिसऱ्या पायरीच्या कडेला. धाकटा तिथे बसून शाळेचे बूट घालतो. अशी जागा लाकूड उघडं पडण्याआधी २२० नंबरने घासून वर एक हात दिला की भागतं. लाकूड उघडं पडलं तर मात्र पुन्हा स्टेनपासून सुरुवात. म्हणून उरलेला स्टेन आणि पांढरा रंग लोणच्याच्या काचेच्या छोट्या बरण्यांत गच्च भरून, नाव, छटेचा नंबर आणि तारीख लिहून ठेवलाय. अर्ध्या रिकाम्या मोठ्या डब्यात त्यावर साय धरते.